चौथं मत

अमेरिकेतल्या वूस्टर परिसरातल्या मराठी मंडळात ठरावाला कुणी हात वर करून मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आत टाळ्या पडत आणि ठराव मंजूर होई. टाळ्या वाजवणाऱ्यांत ठरावाला विरोध असणारेही असत, आणि बटाटेवडे गरम आहेत तोवर सभा उरकावी एवढीच ज्यांची इच्छा, तेही असत. मंडळाचे हिशेबतपासनीस धर्मराज रामटेके यांना हा प्रकार नऊ वर्षं खटकत होता. पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सभेत त्यांनी उभं राहून विचारलं, की बाजूनं किती आणि विरोधात किती, हे एकदा तरी मोजायला काय हरकत आहे?

अध्यक्ष कुमार लिमये दिलखुलास माणूस. दुसऱ्याच्या अडचणीत ते फार मोठ्यानं हसत. "रामटेके, तुम्ही इथं टॅलेंट वेस्ट करताय यार!" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी इलेक्शन आहे. स्टेटचे ऑडिटर व्हा. आम्ही सगळे तुम्हालाच व्होट करतो. काय मंडळी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा ऑडिटर, म्हणजे सगळ्या सरकारी खात्यांचा कारभार तपासणारा अधिकारी, नेमत नाहीत, लोक निवडून देतात. धर्मराजांनी वही उघडली आणि नोंद केली: सूचक, कुमार लिमये. अनुमोदक, उपस्थित सर्व. मग ते खाली बसून वडा खाऊ लागले.

घरी परतताना मागच्या सीटवरून रुपाली म्हणाली, "बाबा, यू नो दे वर जोकिंग, राइट?" ती एकोणीस वर्षांची होती आणि बापाच्या बाबतीत कायम धास्तावलेली असे.

"ठाऊक आहे मला," धर्मराज म्हणाले.

"मग?"

"मग काय? नोंद झालेली आहे."

त्यांची बायको नंदा नागपूरची, आडपडदा न ठेवता बोलणारी. "कोणी मत देणार नाही तुम्हाला," ती म्हणाली. "अन् मला वर्षभर तोंड लपवत फिरावं लागंल."

धर्मराजांच्या मनातली गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. नऊ वर्षं ते मंडळात होते. सगळे त्यांना 'आपले रामटेके' म्हणत. दर मार्चमध्ये कुमाररावांच्या बेसमेंटमध्ये बसून ते मंडळाच्या पावत्या तपासत, तेव्हा वरून थर्मासमध्ये चहा येई आणि सोबत कागदी पेले येत. जिना चढून वर या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. चहा मात्र चांगला असे. नंदा यावर जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण खोटंही नव्हतं. या 'आपले'मध्ये खरोखर किती माणसं आहेत, एवढंच धर्मराजांना एकदा आकड्यात पाहायचं होतं. टाळ्यांतून ते कळत नव्हतं. मतपत्रिकेतून कळलं असतं.

छापील मतपत्रिकेवर नाव यायला हजारो सह्या लागत. ते शक्य नव्हतं. पण मतपत्रिकेवर खाली एक ओळ रिकामी असते, आणि कायद्यानं तिथं मतदाराला आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव-पत्ता छापलेलं स्टिकर चिकटवता येतं. धर्मराजांनी वूस्टरच्या एका छापखान्यातून स्टिकर करून घेतले, एका पानावर बारा. वर बारीक अक्षरात नाव, त्याखाली वूस्टरशेजारच्या श्रूजबरीतल्या घराचा पत्ता, आणि उरलेली जागा कोरी. छापखानेवाल्यानं विचारलं, घोषणा काय टाकू? धर्मराज म्हणाले, "काही नको. निवडून यायच्या आधी पुरावा कुठून आणू?"

त्यांचा प्रचारही याच वळणाचा होता. घरोघरी जायचं, दर घरी स्टिकरचं एक पान द्यायचं, आणि कुणी विचारलं की निवडून आल्यावर काय करणार, तर सांगायचं, "तपासून बघीन." श्रूजबरीत मतदानाचा हक्क असलेली मराठी माणसं वीस होती. त्यातली तिघं रामटेक्यांच्याच घरातली. उरलेल्या सतरांनी, त्यांत कुमाररावही, दारातच पान घेतलं, "अहो, हे काय सांगायला हवं का!" म्हटलं, आणि दार लावलं. वूस्टरच्या विमा कंपनीत, जिथं धर्मराज नोकरी करत, तिथंही त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पानं ठेवली. तिथल्या लोकांनी काहीच कबूल केलं नाही. एकानं फक्त विचारलं, की ऑडिटर असा काही प्रकार असतो का?

नोव्हेंबर शहाऐंशीच्या मंगळवारी मतदान झालं. संध्याकाळपासून रामटेक्यांचा फोन खणखणत होता. "दिलं बरं का, तुम्हालाच!" सतरापैकी चौदाजणांनी फोन केला. नंदासुद्धा जरा विरघळली आणि तिनं शिरा केला.

बुधवारी सकाळी धर्मराज टाउन हॉलमध्ये गेले. तिथल्या क्लार्क मिसेस कॉनली बावीस वर्षं मतं मोजत होत्या, पण हरलेला उमेदवार आकडा विचारायला स्वतः आलेला त्यांनी पाहिला नव्हता. चष्मा लावून त्यांनी राज्याच्या ऑडिटरचा तक्ता काढला. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना हजारो मतं होती. खाली रिकाम्या ओळीतली नावं होती. कुणीतरी स्वतःच्या सासूचं नाव घातलं होतं. बस्टर नावाच्या कुत्र्याला दोन मतं होती.

"रामटेके," मिसेस कॉनली म्हणाल्या, "चार."

"परत एकदा बघाल का?"

त्यांनी बघितलं. चारच होती. दुपारी वूस्टरला फोन करून विचारलं, तर तिथं छत्तीस निघाली. ज्यांनी काही कबूल केलं नव्हतं त्यांनी छत्तीस दिली होती, आणि ज्यांनी 'सांगायला हवं का' म्हटलं होतं त्यांनी एक. चारातून घरची तीन वजा केली की एकच उरत होतं. धर्मराजांना वाईट वाटलं. आपल्याला एवढं वाईट वाटावं याचंही वाईट वाटलं, कारण कुमाररावांनी चेष्टा केली होती हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मी दिलंय, बाबा," रुपाली घाईघाईनं म्हणाली. "आय स्वेअर."

"ठाऊक आहे," धर्मराज म्हणाले. "तू त्या तिघांतली."

आकडा श्रूजबरीभर झाला. लोकांनी पंचाईत फार सोयीस्कररीत्या सोडवली. आठवडाभरात बाराजणांनी धर्मराजांना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की ते चौथं मत माझं. धर्मराज प्रत्येकाचे आभार मानत गेले. एक मत बाराजणांत वाटलं गेलेलं त्यांनी आपल्या धंद्यात कधी पाहिलं नव्हतं. कुमारराव मात्र बाजूला घेऊन सांगणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शनिवारी चार कुटुंबांना जेवायला बोलावलं, रामटेक्यांना मुद्दाम, आणि या वेळी वरच्या मजल्यावर.

"जायचं कशाला?" नंदा म्हणाली.

"बघू तरी," धर्मराज म्हणाले. दहा वर्षांत त्यांनी त्या घराचा फक्त पायथा पाहिला होता.

दिवाणखान्यात कुमाररावांचं भाषण रंगात आलं होतं. पाण्याचा तांब्या रिकामा दिसला म्हणून धर्मराज तो उचलून स्वयंपाकघरात गेले. आपण आत शिरलो हे त्यांना आत शिरल्यावर कळलं. कुमाररावांच्या पत्नी मृणालिनीवहिनी गॅसपाशी पापड तळत होत्या. अबोल बाई. त्याच चहाचा थर्मास बेसमेंटच्या जिन्यावर ठेवून जात.

ओट्याच्या वरच्या फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. धर्मराज बघत राहिले. प्रत्येक बरणीवर त्यांचं नाव होतं. वर बारीक अक्षरात धर्मराज रामटेके, खाली पत्ता, आणि कोऱ्या जागेत जाड मार्करनं: मेतकूट. साबुदाणा. गोडा मसाला. लेबलं नीट, सरळ लावलेली होती, कुठं सुरकुती नव्हती. वाया घालवण्यासारखा कागदच नव्हता तो.

बेसमेंट परवडलं, असं त्यांना वाटलं. कागदी पेल्यावर निदान नाव नव्हतं. पण सवय वाईट असते. अपमान गिळता गिळता त्यांचे डोळे बरण्या मोजत होते. एका घराला एक पान, एका पानावर बारा. बरण्या अकरा होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

मृणालिनीवहिनींनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "लेबलं... हे म्हणाले, घेऊन टाक कामात, कुणी थोडंच..."

"वहिनी," धर्मराज हळू आवाजात म्हणाले, "बारावं कुठं गेलं?"

कढईतला पापड लाल होऊन काळा पडायला लागला. बाहेरून कुमाररावांचं हसणं ऐकू आलं. वहिनींनी दाराकडं पाहिलं, मग गॅस बंद केला.

"पर्समध्ये घालून नेलं होतं," त्या म्हणाल्या. "हे मतदानाच्या पडद्याआड गेले तेव्हा मी माझ्या पडद्याआड लावलं. यांना सांगू नका. यांनी सांगितलं होतं कुणाला द्यायचं ते. संसाराच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी..." त्यांनी जळका पापड बाहेर काढला. "तुमच्या चहाला दर वेळी कप काढून ठेवायची मी, भाऊजी. चांगले. हे परत आत ठेवायला लावायचे."

धर्मराजांना रडू आलं. जळक्या पापडाचा धूर होता, म्हणून ते लपलं. दहा वर्षं त्यांच्या मनात मतं मोजा, मोठ्यानं मोजा असा हट्ट होता. आता मत सापडलं होतं, पुरावा डोळ्यांसमोर होता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. दाखवला असता तर या बाईचं उद्या काय झालं असतं? त्यांनी तांब्या नळाखाली धरला, भरला आणि ते बाहेर आले.

"या, उमेदवार!" कुमारराव म्हणाले. "मघापासून मी सांगतोय, ते माझंच, पण कुणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही ऑडिटर. तुम्हीच सांगून टाका सगळ्यांसमोर, ते चौथं व्होट कुणाचं?"

त्या खोलीत आणखी तिघं होते ज्यांनी तेच मत आपलं म्हणून सांगितलं होतं, आणि ते तिघंही गालिच्याकडं बघू लागले. नंदानं नवऱ्याकडं पाहिलं. तो कधी पुराव्याशिवाय बोलत नाही हे तिला माहीत होतं.

धर्मराजांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"तुमच्याच घरातलं," ते म्हणाले. "मी तपासलंय."

कुमाररावांनी दोन्ही हात पसरून चौफेर पाहिलं. "ऐकलंत?"

ऐकलं सगळ्यांनीच. पापडांचं ताट घेऊन मृणालिनीवहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.