मूर्तीच्या पोटातले पाच दाणे

दियाचं जावळ ग्लासगोत काढलं ते साल दोन हजार सहा. मांडीवर घ्यायला सख्खा मामा नव्हता, म्हणून माझ्या मुलाच्या, पुष्करच्या ऑफिसातला अंशुमन त्या दिवसापुरता मामा झाला. लाहोरकडच्या एका न्हाव्याने घरी येऊन मशीनने काम उरकलं. नात रडली नाही. तिचा आजा मात्र पुढच्या तीन आठवड्यांत जेवढा घाबरला, तेवढा आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

मी ओतारी. कराडच्या बाजूला आमची भट्टी होती. देवांच्या मूर्ती, मुखवटे, घंटा, बैलांचे घुंगूर. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाची मूर्ती घडवायची, वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. वरची माती फोडून काढतात, गाभा मात्र पुष्कळदा आतच राहतो. दुसऱ्या ओताऱ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या घरात एक रीत होती. गाभ्याची माती मळून झाली की तिच्यात हळद लावलेले तांदळाचे पाच दाणे घालायचे. मूर्ती उपाशी ठेवायची नाही, असं आई म्हणायची.

पुष्करची बायको कस्तुरी ग्लासगोतल्या एका खासगी संग्रहात काम करायची. जुन्या ग्रीक आणि रोमन वस्तू साफ करायच्या, तपासायच्या, त्यांचा काळ ठरवायचा. जावळाच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, उद्या माझ्याबरोबर वर्कशॉपला चला. एक ब्रॉन्झ आलंय. तुम्ही इतकी वर्षं ओतकाम केलंत, तुमचं ओपिनियन हवंय मला.”

मला बरं वाटलं. मी कोट घालून गेलो.

पांढऱ्या टेबलावर, मऊ कापडावर ती मूर्ती आडवी ठेवली होती. हातभर उंचीचा नागडा तरुण, उजवा हात वर केलेला, अंगावर हिरवा गंज. कस्तुरी सांगत होती, “इसवी सनापूर्वी पाचवं शतक. दक्षिण इटलीत ग्रीकांच्या वसाहती होत्या ना, तिथलं काम. मेटल टेस्ट केलं, तांबं आणि कथील, झिंक अजिबात नाही. परफेक्ट!”

मी वाकून बघितलं आणि टेबलाची कड धरली.

त्या तरुणाचा डावा कान ओबडधोबड होता. मेणाचा कान ओतायच्या आदल्या दिवशी गळून पडला होता. कोरायची सुई सापडेना, म्हणून माझ्या धाकट्या भावाने, शशीने, तो नखाने पुन्हा केला. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मूर्ती आमच्या भट्टीतली होती.

मुंबईचा एक शेठ फोटो घेऊन आला होता. हॉटेलात शोभेला ठेवायचीय म्हणाला. तांबं आणि कथील त्याने स्वतः आणलं. जस्ताचा कणसुद्धा नको, असं दहा वेळा बजावलं. मूर्ती झाल्यावर ती मीठ घालून शेणखताच्या खड्ड्यात सहा महिने पुरायला सांगितली, तेव्हा आम्हाला कळायचं ते कळलं. तरी आम्ही पुरली. शेवटी त्याने एक कागद पुढे केला. मी अंगठा दिला. त्यात काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही, कारण अक्षरं मी चाळिशी उलटल्यावर शिकलो.

“बाबा, खुर्ची देऊ?” कस्तुरीने विचारलं.

“नको. काम चांगलं आहे,” मी म्हणालो.

“थांबा, बेस्ट पार्ट तर पुढेच आहे.” तिने एक छोटी काचेची डबी उचलली. “डाव्या टाचेतल्या भोकातून आतली, पोटापर्यंतची माती काढली. त्यात जळालेलं धान्य सापडलं! चार तुकडे. बहुतेक बार्ली. एक तुकडा कार्बन डेटिंगला लॅबमध्ये पाठवलाय. आणि पंधरा डिसेंबरला मी सगळ्यांसमोर हे अनाउन्स करणार. माझं पहिलं मोठं काम आहे, बाबा.”

डबीत काळे ठिपके होते. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

त्या दिवसापासून मी सारखा दाराकडे लक्ष ठेवून असायचो. बेल वाजली की आधी खिडकीच्या पडद्याआडून बघायचो. पोस्टमन पाकीट टाकून गेला तरी मी आधी जाऊन त्यावर पोलिसांचा शिक्का आहे का ते बघायचो. एकदा गल्लीत पोलिसांची गाडी थांबली, तेव्हा मी दियाला कडेवर घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसलो. गाडी शेजारच्या घरी चौकशी करून गेली.

मला तुरुंगाची भीती होती, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. प्रयोगशाळेतून उत्तर आलं की धान्य तीसच वर्षांचं निघणार. मग लोक विचारणार, ही खोटी मूर्ती कोणी खरी ठरवली? या बाईने. हिचा सासरा कोण? हिंदुस्थानातला ओतारी. सासऱ्याने घडवायची आणि सुनेने पारखायची, असा यांचा धंदा आहे, हे कोणालाही वाटलं असतं. तिची नोकरी गेली असती, तिचं नाव गेलं असतं. आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एका दुपारी घरात कोणी नसताना मी शशीला फोन लावला. तो अजून गावीच होता.

“काय दादा, तिकडची थंडी मानवली का? गोरा झालास का न्हाई?”

मी त्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. “आरं, तुझ्या सुनेला सांग, दाणे कमी पडले तर आनखी धाडतो! इंद्रायणी चालंल का?”

“शशी, हसू नको. मी तिला सांगणार हाय.”

त्याचं हसू थांबलं. 

“दादा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. “तू त्या शेठला दोनच करून दिल्यास. नंतर तू मुखवट्यांकडं वळलास. मी किती केल्या ते इचारू नको. अकरा वर्षं करत हुतो.”

“अकरा वर्षं?”

“एक उघडी पडली तर सगळ्या पडतील. मला म्हातारपणी बेड्या घालून गावातनं नेतील. ती पोरगी शिकलीसवरलेली हाय, दुसरी नोकरी करंल. सुनेसाठी सख्ख्या भावाला पोलिसांत देतोस?”

“तुझं नाव येऊ देणार नाही,” मी म्हणालो.

“शपथ घे.”

मी दियाची शपथ घेतली. माझी घेतली असती तरी चाललं असतं, पण भीतीने तोंडातून तिचंच नाव निघालं. 

तेरा तारीख उजाडली. पुष्कर ऑफिसला गेला होता. कस्तुरी स्वयंपाकघरात उभी राहून दियाला लापशी भरवत होती आणि मधूनमधून आपलं भाषण पुटपुटत होती. मी समोर जाऊन बसलो.

“कस्तुरी, ती मूर्ती मी केलीय.”

“हो का?” ती हसली. “आणि टोनी ब्लेअरची पण तुम्हीच केली असेल.”

“त्या मातीत बार्ली नाही. तांदूळ आहे.”

“बाबा, काहीतरीच काय!”

“तुला किती सापडले?”

“चार. सांगितलं ना मी.”

“पाच आहेत. पाचवा उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर दोन बोटं. देवाची मूर्ती असती तर सगळे पोटात घातले असते. हा देव नव्हे, नागडा पोरगा, म्हणून थट्टेने एक पायात घातला.”

तिचा चमचा हवेतच राहिला. दिया तोंड उघडून वाट बघत होती. कस्तुरीने तिला माझ्याकडे दिलं, कोट घातला आणि गेली. दुपारी चारला अंधार पडता पडता ती परत आली. तिने बूट, कोट, काहीच काढलं नाही.

“दोन बोटं नाही, तीन,” ती म्हणाली. “एक्स-रेमध्ये माझ्या नजरेतून सुटला होता. मला वाटलं, तो हवेचा बुडबुडा आहे.”

ती भिंतीला टेकून रडली.  मग डोळे पुसून ती म्हणाली, “मी आजच डायरेक्टरना सांगून आले. परवाचं सगळं कॅन्सल. ते म्हणाले, आधी कळलं म्हणून वाचलीस. पण तुम्हाला स्टेटमेंट द्यावं लागेल. पोलीस येतील. कोणी ऑर्डर दिली, कोणी केलं, सगळं.”

“मी एकट्याने केलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “बाबा, त्या मूर्तीवर दोघांचा हात फिरलाय. अंगावरचं काम एकाचं, कान दुसऱ्याचा. हे मी माझ्या रिपोर्टमध्ये महिन्यापूर्वीच लिहिलंय. तो रिपोर्ट पोलिसांकडे जाणारच. तुम्ही एकटे म्हणालात, तर ते म्हणतील, सासरा खोटं बोलतोय, मग सून पण खोटं बोलत असणार.”

तिची पारख खरी होती. नखाने केलेला तो कान तिनेच ओळखला होता.

पुष्कर घरी आल्यावर त्याने डोकं धरलं. “बाबा, माझं व्हिसा एक्सटेन्शन मार्चमध्ये आहे! तुम्ही आधी का नाही बोललात?” मग थोड्या वेळाने त्यानेच माझ्यासाठी चहा केला आणि कप माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी पोलीस आले. एक बाई आणि एक पुरुष, दोघं साध्या कपड्यांत. आवाज चढवला नाही. बाईने वही उघडली. पुष्करने सांगितलं, “ते म्हणतायत, तुम्हाला हवं तर मराठीत लिहून द्या, ट्रान्सलेट करून घेऊ.”

मी लिहायला बसलो. साल, शेठ, तांबं, खड्डा, सगळं लिहिलं. मग कानापाशी आलो. माझ्या मांडीवर दिया होती, तिच्या शपथेसकट. कस्तुरी दारात उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. मला वाटतं, ती बोलली असती तर मी नाव गाळलं असतं.

मी लिहिलं: डावा कान माझा भाऊ शशिकांत याने केला.

त्याच संध्याकाळी कस्तुरीला फोन आला की तिची नोकरी टिकली. माझ्यावर पुढे काही कारवाई होणार नाही, हे पत्राने कळायला आणखी दीड महिना लागला. तो सगळा काळ मी बेलकडे कान लावून काढला.

शशीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं, तो शिव्या देईल. त्याने एवढंच विचारलं, “कधी येतील?”

“तिकडं येणार नाहीत. तुझं नाव इथल्याच कागदात राहील.”

“सांगून येतात व्हय ते,” तो म्हणाला.

त्यानंतर तो फोनवर येईना. त्याची बायको मंजिरी बोलायची. “भावजी, ह्यांनी भट्टी फोडून टाकली. मेणाचे सगळे साचे विहिरीत टाकले. जेवत न्हाईत. सडकेवर मोटार आली की आत जाऊन पडतात. तुम्हीच समजावा.” मी फोन त्याच्या कानाला लावायला सांगायचो. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचो, “शशी, मला काही झालं नाही, तुला काय होणार?” श्वास तसाच चालू राहायचा. जानेवारीच्या शेवटी माझ्या नावाचं पत्र आलं, मला सोडल्याचं. पुष्करकडून ते मराठीत लिहून घेतलं आणि मी फोनवर त्याला शब्द न शब्द वाचून दाखवलं. त्याने विचारलं, “त्यात माझं नाव हाय का?” नव्हतं. “मग माझं येगळं येणार,” तो म्हणाला.

त्याच्या दारात कोणीही पोलीस कधी गेला नाही.

माझा भाऊ शशिकांत शनिवारी, तीन फेब्रुवारी दोन हजार सातला, सकाळी साडेनऊच्या सुमारास गावी वारला. दाराशी दुधाच्या सोसायटीची जीप थांबली, तिचा आवाज ऐकून तो आत जाऊन पडला, तो पुन्हा उठला नाही. त्याला बासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. मला तिकीट पाच तारखेचं मिळालं.