घोडीचा होकार

मसुदाकाराने ‘संमतीशिवाय’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समितीला विचारलं, "कोणाच्या?"

समितीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पण विषयच असा होता की प्रत्येक कलमाला सगळ्यांना मोकळी हवा लागायची. माणसाने जनावराशी ठेवलेला शरीरसंबंध, हे शब्द फक्त कागदावर होते. तोंडाने सगळे ‘तो प्रकार’ म्हणत.

"मालकाच्या," अध्यक्ष म्हणाले. "लिहिलंय की स्पष्ट. मालकाच्या संमतीशिवाय."

"म्हणजे मालकाची हरकत नसेल तर चालेल?"

कलम चोरीच्या कलमावरून बेतलं होतं. जनावर आलं की मालक आला, हे डोक्यात इतकं मुरलेलं की दोन वाचनं होऊनही कोणाला काही खटकलं नव्हतं. आणि ज्या घोडीवरून हे सगळं निघालं, तिच्या बाबतीत आरोप मालकावरच होता. शेजाऱ्याने त्याला तबेल्यात नको ते करताना पाहिलं होतं. जुना कायदा रद्द झालेला, नवा अजून कागदावर. त्यामुळे झाल्या गोष्टीची शिक्षा आता कोणालाच होणार नव्हती. घोडी त्याच्याकडे परत जाणार की नाही, एवढंच या कलमावर ठरायचं होतं.

"घोडीच्या संमतीशिवाय, असं हवं," प्राध्यापक म्हणाले. ते तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि समितीत एकटे तेच ताजेतवाने दिसत. "जनावर होकार देऊ शकत नाही. म्हणून तो गुन्हा."

"लगाम घालताना देतं का होकार?" अध्यक्षांनी विचारलं. "कापताना?"

"तोच तर गमतीचा प्रश्न आहे."

"गंमत तुम्हाला. सही उद्या मला करायचीय."

मसुदाकाराने कागद गोळा केले. त्याच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळत होता. होकार राहू दे. घोडी नाही म्हणू शकते का? म्हणत असेल तर कशी? ते कळलं तर शब्द आपोआप सापडेल, असं त्याला वाटलं. शब्द आपोआप सापडतात यावर त्याचा इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही विश्वास होता.

घोडी जनावरांच्या दवाखान्यात ठेवली होती आणि तिथली डॉक्टर त्याची मेहुणी होती. ती हात धूत होती.

"या भाऊजी. ताईने घराबाहेर काढलं का?"

"कामासाठी आलोय. घोडीला एखादी गोष्ट नको असेल तर ती काय करते?"

"कान मागे टाकते. मग लाथ घालते. तुम्ही मागून जाऊन बघा, मसुदा लगेच तयार होईल."

घोडी तांबूस होती, कपाळावर पांढरा डाग. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. मेहुणीने तसा अहवाल दिला होता, आणि तो मालकाच्याच उपयोगी पडणार हे तिला ठाऊक होतं. मसुदाकार कुंपणाला टेकून घोडीचे कान पाहू लागला.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. एक साधा, हडकुळा माणूस गवताची पेंढी घेऊन उतरला. तो काही बोलायच्या आत घोडी खिंकाळली आणि धावतच फाटकाशी गेली. त्याने गजांतून हात घातला. तिने नाक त्याच्या तळहातात खुपसलं.

"मालक," मेहुणी हळूच म्हणाली. "रोज येतो. आत सोडत नाही आम्ही."

मसुदाकाराचा चेहरा उतरला. ही घोडी साक्षीला उभी राहिली तर त्याच्याच बाजूने खिंकाळेल. खाल्ल्या चाऱ्याला जागेल.

"तुम्ही होकार शोधायला आला होतात की नकार?" मेहुणीने विचारलं.

"नकार. एखादा लहानसा असता तरी चाललं असतं."

मालक गेला. घोडी बराच वेळ फाटकाशी उभी राहिली. मेहुणीने एप्रनच्या खिशातून गाजर काढून मसुदाकाराच्या हातात दिलं आणि मानेनेच खुणावलं.

घोडी आली. गाजर कडाकडा खाल्लं, त्याचा हात हुंगला, मग मान लांबवून हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली आणि डोळे मिटले. तिचं वजन त्याच्यावर आलं. इतका भरवसा त्याच्यावर त्याच्या सासरीही कोणी टाकला नव्हता.

"ओळख ना पाळख," तो कुजबुजला. "लगेच?"

"लगेच."

"कोणावरही?"

त्याने हात वर केला, मानेपर्यंत नेला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कलम अडीच ओळींचं झालं होतं. अध्यक्षांनी ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"संमती कुठे गेली?"

"काढली. मालकाचीही आणि तिचीही. माणसाने करायचं नाही, एवढंच ठेवलंय."

"पण मग गुन्ह्याचा आधार काय?" प्राध्यापकांची निराशा लपत नव्हती. "कापलं तर चालतं, हे नाही चालत. तर्कात कसं बसवणार?"

"ते मला नाही जमलं," मसुदाकार म्हणाला. "तुम्ही बघा."

"आणि समजा, बचावाच्या वकिलाने विचारलं, जनावराला तो माणूस आवडत होता, तर?"

मसुदाकाराच्या कोटाच्या डाव्या खांद्यावर फेसाचा वाळलेला डाग होता. बायकोने सकाळी घासूनही तो गेला नव्हता.

"आवडत असेल," तो म्हणाला. "तिला मीही आवडलो."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.