अळूचा ळ

"आई, अळू दोन शेर आणलं आहे. बस होईल ना?" विनोदिनीने बटाटे सोलता सोलता विचारलं.

अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, परातीतल्या बटाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात आहे ना? वाच की." मग त्या शांतपणे गौरींना हार घालायला गेल्या. आज आई रागावल्या नाहीत, याचंच विनोदिनीला बरं वाटलं.

तिचं माहेर उज्जैनचंच. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लिखापढी करायला आले आणि इथलेच झाले. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून त्या घरच्या मराठीतला ळ कधीच क्षिप्रेत वाहून गेला होता. आई लहानपणीच गेली, चूल एका माळवी महाराजाच्या हाती, त्यामुळे पोरीला बाफले यायचे, भुट्ट्याचा कीस यायचा, पण मराठी पक्वान्नांशी ओळख नव्हती. सासर मात्र पुण्याचं. सासरे भय्यासाहेब सरकारी शाळेत नोकरीला म्हणून इकडे आले होते, आणि अनसूयाबाईंनी उभा जन्म उज्जैनच्या फ्रीगंज पेठेत काढून जिभेवरचं पुणं जराही ढळू दिलं नव्हतं.

लग्न झाल्या झाल्या विनोदिनी 'थाली' म्हणाली, केळ्याला 'केला' म्हणाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर अनसूयाबाईंनी ते तिच्या चालीवर म्हणून दाखवलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून बिचारीने एक नियम गाठीशी बांधला. जिभेवर ल आला की तिथे ळ म्हणायचा. थाली-थाळी, होली-होळी, काला-काळा. नियमाने तिला बऱ्याचदा तारलं.

सासूबाई काही शिकवत नसत. हाताला धरून शिकवायला मी काय पंतोजी आहे, म्हणत. त्यांनी पुण्याहून आणलेलं, मुखपृष्ठ गळून गेलेलं पाकपुस्तक तिच्यापुढे टाकलं होतं. पुस्तक जुन्या वळणाचं, मिठालासुद्धा 'लवण' म्हणणारं. घरात बटाटा म्हणतात ते तिला ठाऊक होतं, पण 'अळू' दिसताच तिने ओळखलं की हा आपल्या आलूचाच शुद्ध, पुस्तकी अवतार. 'देठी सोलून घ्याव्यात' इथे ती जरा अडली. मग तिने ठरवलं, देठी म्हणजे आलूचे डोळे असणार, आणि सुरीच्या टोकाने एकेक डोळा मन लावून कोरून काढला.

मन लावायला कारणही तसंच होतं. येत्या नोव्हेंबरात मध्यभारत मोडून नवं राज्य होणार होतं आणि श्रीनाथचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, महसूल खात्याचं ऑफिस भोपाळला चाललं होतं. भय्यासाहेब अर्धांगाने खाटेला खिळलेले. त्यांच्यापाशी एका बाईने राहायलाच हवं होतं. अनसूयाबाईंनी निवाडा दिला होता की गौरीजेवणाचा स्वयंपाक सुनेने एकटीने करावा. तो साधला तर तिने श्रीनाथबरोबर जावं, नाहीतर मुलाच्या पोटाची काळजी आपण घेऊ. विनोदिनीने मनातल्या मनात भोपाळची खोली मांडूनही टाकली होती. दोघं जण, एक शेगडी, आणि आपला प्रत्येक शब्द पाखडायला दारात कोणी उभं नाही.

नैवेद्याच्या ताटात मात्र अनसूयाबाईंनी शेजारच्या नंदाताईंकडून हळूच मागवलेली अळूची वाटी ठेवली. देवीला त्यांनी सांभाळून घेतलं.

पंगत बसली. पुण्याहून आलेल्या नणंदेने, मंगलाने, पहिला घास घेतला आणि चिंच-गुळातला हा लगदा कसला म्हणून विचारलं.

"अळूचं फदफदं, वन्सं," विनोदिनी म्हणाली. ळ अगदी ठसठशीत उमटला होता.

"आलूचं गं," अनसूयाबाईंनी दुरुस्त केलं.

मंगलाला हसता हसता ठसका लागला. श्रीनाथने आधी पानात पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग तोही हसला. मंगलापेक्षा मोठ्याने. विनोदिनीने बाकी सगळं गिळलं असतं, ते हसणं तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

नोव्हेंबरात मायलेक भोपाळला गेले. पाकपुस्तकही ट्रंकेत गेलं. विनोदिनी भय्यासाहेबांच्या कुशी बदलत राहिली. श्रीनाथ सणासुदीला यायचा आणि लाडात येऊन तिला 'आलू' म्हणायचा. तिला ओ द्यावी लागे.

पहिल्याच वर्षी तिने नाल्याकाठून अळूचे कंद आणून परसात लावले. ते निघाले रानटी, खाजरे. मग नंदाताईंनी चांगले दिले, ते मोरीपाशी फोफावले. रानटी झुडूप मागच्या भिंतीशी तसंच राहिलं. उपटायला तिला कधी सवड झाली नाही.

सात-आठ वर्षांनी भय्यासाहेब सुटले. तेराव्याच्या जेवणात विनोदिनीने अळू केलं. भटजींनी दोनदा मागून घेतलं. अनसूयाबाईंनी बोट चाटलं आणि एवढंच म्हणाल्या की घर काही बंद ठेवता येणार नाही, कोणीतरी घुसून बसेल. म्हणजे हिने इथेच राहायचं. श्रीनाथ सुपारी कातरत होता, तो कातरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनला जायला टांगा आला. ट्रंक चढली आणि अनसूयाबाईंना आठवण झाली, की भोपाळात असं अळू मिळत नाही, चार पानं बांधून दे. विनोदिनी विळा घेऊन परसात गेली. मोरीपाशी ती क्षणभर थांबली. मग पुढे जाऊन मागच्या भिंतीशी वाकली आणि तिथली सगळी कोवळी पानं कापली. हे श्रीनाथच्याही पानात पडणार, हे तिच्या मनात आलं. त्याचं ते हसणंही आलं. ओल्या फडक्यात जुडी बांधून तिने सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"खाजरं नाही ना गं?"

"पुस्तकात असेल ना, आई. वाचा की."

अनसूयाबाई टांग्यात नीट सरकून बसल्या. विनोदिनी घरात परतली, तोच श्रीनाथ वळकटी घ्यायला पुन्हा आत आला. आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "आईचं मी बघतो. पुढच्या महिन्यात न्यायला येतो तुला. बांधाबांध करून ठेव."

इतकी वर्षं या एका वाक्यासाठी तिने कान उघडे ठेवले होते. तो वळकटी उचलून निघाला. ती दारापर्यंत आली, जुडी परत मागायला तिने हातही पुढे केला. अनसूयाबाईंना वाटलं, नमस्कार करते आहे. "असू दे, असू दे," त्या म्हणाल्या, आणि टांगा घड्याळाच्या टॉवरच्या बाजूला वळला.

विनोदिनी मोरीवर बसली. तिने चिंच कुस्करून तळव्यांना चोळली, कोपरापर्यंत चोळली. संध्याकाळपर्यंत हात खाजत होते. त्याच रात्री तिने ट्रंक भरून दारापाशी ठेवली.

पुढच्या महिन्यात कोणी आलं नाही. ट्रंक दारापाशीच होती. झाडताना ती तेवढी उचलून बाजूला करी, आणि पुन्हा होती तिथे ठेवी.