प्रागची कॉलर

फिरायला प्रागला जायचं की व्हिएन्नाला, हा घोळ शिंपीकाकांनी तीन वर्षं घातला होता. दोन्ही नकाशे कटिंगच्या टेबलावर पसरायचे, खडूनं खुणा करायच्या आणि म्हणायचं, "घाई कशाला?" काकूंचे गुडघे मात्र जिना चढताना दर वर्षी एक पायरी आधीच रडू लागत.

परवा गिऱ्हाइकाच्या कोटासाठी कॉलरचा कागदी साचा हवा होता. काकांनी सवयीनं हाताला लागला तो कागद ओढून कात्री चालवली. उलटून पाहतात तो प्राग, मधल्या नदीसकट कापलेलं!

"चला," काकू पर्स उचलत म्हणाल्या, "तुम्हाला जमलं नाही ते कात्रीनं ठरवलं. व्हिएन्नाची बाही व्हायच्या आत तिकीट काढून येते. तुमचंही काढू, की घाई होईल?"