रजईतली तुळस

या मित्रांनो, चपला बाजूला काढा आणि अगदी माझ्या कुंडीला टेकून बसा. एकदा देवाचं नाव घ्या, म्हणजे गोष्टीला गोडी येते. गोष्ट आहे एका रजईची आणि एका उपाशी पोटाची.

मी एक जुनी तुळस आहे. माझं खोड आता लाकडासारखं झालं आहे. जयपूरच्या वैशाली नगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी राहते. पण माझा जन्म साताऱ्याचा. तेव्हा साताऱ्याहून इथे नव्याने राहायला आलेल्या जयंतीकाकूंची धाकटी बहीण कलावती मला दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, रेल्वेत मांडीवर धरून इथे घेऊन आली. "ताई, तुझ्या गॅलरीत माहेर आणलंय बघ!" असं म्हणून तिने मला स्वतः कुंडीत लावलं. त्याच पावसाळ्यात ती आजाराने गेली. तेव्हापासून जयंतीकाकू माझ्याशी बोलत, ते मला 'कला' म्हणून.

काय ते दिवस होते! पहाटे काकू फोनवर कीर्तन लावत. टाळ-मृदंग सुरू झाला की माझी पानंही डोलत. मग सूर्यनारायण समोरच्या गच्चीवरून वर येई आणि माझा स्वयंपाक सुरू होई.

हो, मित्रांनो, आम्ही झाडं आपलं अन्न आपणच रांधतो. मुळं पाणी आणतात. पानांना डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यातून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. पानातलं हिरवं द्रव्य ऊन धरून ठेवतं. त्या उन्हाच्या बळावर पाणी आणि हवा यांची साखर होते. ती साखर माझं अन्न. आणि रांधताना जो प्राणवायू उरतो, तो मी तुमच्यासाठी बाहेर सोडते. सरपण नाही, धूर नाही! भगवंताने केवढी सुंदर चूल दिली आहे! पण ती पेटते फक्त उजेडावर.

मग इथला जानेवारी आला. साताऱ्याच्या माणसाला ही थंडी नवीन. शेजारणी आपल्या तुळशीला लाल चुनरी पांघरतात, हे काकूंनी संध्याकाळी पाहिलं. त्यांना वाटलं, चुनरीने काय होणार? त्यांनी कलावतीचं जुनं पातळ काढलं, त्यात कापूस भरला आणि माझ्यासाठी चिमुकली जयपुरी रजई शिवली. ती माझ्याभोवती गुंडाळून म्हणाल्या, "आता नाही हो कुडकुडायची माझी कला."

रात्री फार बरं वाटलं. पण सकाळ झाली तरी रजई निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकू खालून पाणी घालत, वाटीत दूधसाखर ठेवत, हात जोडत. आत मात्र अंधार. कीर्तन ऐकू येई, ऊन येत नसे. साठवलेली साखर मी पुरवून पुरवून खाल्ली. मग एकेक पान पिवळं पडून गळू लागलं. मला तोंड नाही, ओरडू कशी?

समोरच्या घरातली कीर्ती एकदा प्रसाद द्यायला आली. जयपुरातच वाढलेली मराठी मुलगी. खाली पडलेली पानं पाहून ती दचकली. "काकू, मतलब, हिला दिवसासुद्धा झाकून ठेवता? चुनरी रात्रीपुरती असते. सकाळी काढायची. धूप, म्हणजे ऊन, हेच तर हिचं जेवण आहे ना!"

"जेवण मी देते की. रोज दूधसाखर ठेवते."

आतून काकूंचे यजमान मुरलीधरकाका म्हणाले, "अगं, तुझ्या दूधसाखरेवर मुंग्या लठ्ठ झाल्या आणि तुळस वाळली!"

काकू हसल्या नाहीत. रजईवर हात ठेवून म्हणाल्या, "कलाचं पातळ आहे हे. काढलं आणि थंडीने ही पण मला सोडून गेली, तर?"

मग कीर्ती हळूच म्हणाली, "काकू, आत बघा तरी."

काकूंनी गाठ सोडली. आत नुसत्या काड्या होत्या, आणि शेंड्याला चार फिकट पानं. काकूंच्या तोंडून "अगं बाई गं" एवढंच निघालं. त्यांनी सगळी रजई उतरवली, कुंडी ओढत उन्हात आणली आणि शेजारी बसून राहिल्या.

मित्रांनो, त्या चार पानांवर ऊन पडलं आणि माझी विझलेली चूल पुन्हा पेटली. पुढे रोज संध्याकाळी रजई आणि सकाळी ऊन, असं चाललं. होळीपर्यंत काडीकाडीला हिरवे डोळे फुटले.

आता काका-काकू साताऱ्याला मुलाकडे राहायला गेले आहेत. मी कीर्तीकडे आहे. पहाट शांत असते. टाळांची फार आठवण येते.

बाळांनो, एवढं ऐका. झाडाला जीव लावा, पण त्याच्या वाटचं ऊन अडवू नका. आणि आपल्या झाडावर सकाळचं ऊन आलेलं दिसलं की माझ्या जयंतीकाकूंची आठवण काढा. गेलेल्या बहिणीची ऊब त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.