पास्मा नव्हता तो

आमच्या फिलिपीन्समधल्या इलोइलोत बाईच्या हाताला मुंग्या आल्या, की शेंबडं पोरही सांगतं, "पास्मा झाला!" इस्त्री करून तापलेले हात गार पाण्यात घातले की शिरा बिघडतात म्हणे. मग दोष कुणाचा? अर्थात, हात भिजवणाऱ्या बाईचा!

रोवेना लोकांचे कपडे इस्त्री करायची. डेंग्यूचा ताप उतरून आठवडा होतो न होतो, तोच तिचे तळपाय बधिर झाले. मग बोटंही.

"इस्त्री ठेवून लगेच भांडी घासलीस ना, इंदाय?" सासू पुरिंगबाई कडाडल्या.

"हो, नानाय." आमच्याकडे आईला, वडीलधाऱ्या बाईला नानाय म्हणतात, आणि पोरीला इंदाय.

"मग भोग आता! सांगून सांगून माझी जीभ झिजली. डोकं आहे की रिकामा नारळ?"

अंघोळ बंद झाली. मालीशवाली आल्याचं तेल चोळून गेली. पायऱ्या चढताना गुडघे लटपटू लागले, तरी रोवेनानं नवऱ्याला, रोदेललाही सांगितलं नाही. कशाला सांगेल? तक्रार केली की टोमणा ठरलेलाच. बिचारी भिंत धरून घरभर वावरत राहिली. एका सकाळी तिला पेज गिळता येईना, श्वास पुरेना. तेव्हा कुठे रोदेलनं तिला उचलून इस्पितळात नेलं; पुरिंगबाईही मागोमाग गेल्या.

"ताप गेला, पण विषाणूशी लढता लढता हिचं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं," डॉक्टर तेओदोरा म्हणाल्या. "पाण्याचा काही संबंध नाही, नानाय."

"पण सगळ्या शेजारणी म्हणाल्या..."

"शेजारणींना पाय दाखवलेत, मग आम्हाला का नाही? बधिर झाले तेव्हाच आणलं असतं, तर औषध वेळेत सुरू झालं असतं."

"हात तरी चालतील ना तिचे?"

"आधी श्वास चालू दे."

देवा रे! पुरिंगबाई तशाच सुनेच्या खाटेकडे धावल्या. आत रोवेनाच्या घशात नळी होती. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता.

सासूनं ते रुमालानं टिपलं. "तुझी चूक नव्हती गं, इंदाय. माझ्या तोंडाला भ्यायलीस ना?"

मंडळी, घरात कुणाचे हातपाय बधिर झाले, तर "काय केलंस?" असं विचारू नका. "कधीपासून?" असं विचारा, आणि त्याच पावली दवाखाना गाठा. पुरिंगबाईंनीही अखेर "कधीपासून?" असंच विचारलं. पण घशातल्या नळीमुळे उत्तर द्यायला रोवेनाकडे आवाज उरला नव्हता.