पिंजऱ्यातले सासरे

भिवंडीजवळच्या शेलार गावात केसरीनाथच्या ओटीवर चपलांचा हा ढीग पडला होता. आत हॉलमध्ये पिंजरा, पिंजऱ्याला झेंडूची माळ, समोर धुपाचा लोट आणि पिंजऱ्यात केसरीनाथचे स्वर्गवासी वडील. म्हणजे धनेश महाराजांचं तसं म्हणणं होतं. बाकी जगाला तिथे हिरव्या अंगाचा, गुलाबी तोंडाचा एक लव्हबर्ड दिसत होता.

"ये पंछी नहीं, पितर है," महाराज डोळे मिटून सांगत होते. "चौऱ्यांशी लक्ष योनी ओलांडून आत्मा थेट शेलारला उतरलाय. मध्ये कुठे थांबला नाही."

गर्दीने हात जोडले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रुचिकाने, म्हणजे केसरीनाथच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला. पाखरं तिची. राजा-राणीची जोडी म्हणून तिने हौसेने बाजारातून आणली होती. पंधरा दिवसांपूर्वी हा राजा वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडून शेपटीच्या वरच्या पिसांत खोचायला लागला आणि नेमके तेव्हाच महाराज चहाला टपकले. "आठवा, या घरात कागद कमरेला कोण खोचायचं?" त्यांनी नुसतं विचारलं. बाकीचं केसरीनाथनेच भडाभडा सांगितलं. बाबा सातबाराचा उतारा कमरेला खोचल्याशिवाय घराबाहेर पडत नसत म्हणे. झालं, राजाचे बाबा झाले.

रुचिकाची मात्र पंचाईत झाली. पिंजऱ्यासमोर जाताना डोक्यावर पदर आला. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा, म्हणून पिंजऱ्यात हात घालणंही बंद झालं. ज्याला कालपर्यंत ती "खा की मेल्या" म्हणायची, त्याला आता "बाबा, थोडे राळ्याचे दाणे घ्या ना" म्हणायची पाळी. सासूबाई धोंडूबाईंचं तर वेगळंच. "पन ती त्यांच्या बाजूला कोन बसलीय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. राणीची रवानगी शेजारच्या जानकीबाईंकडे झाली.

आज रुचिकाला यातल्या कशाचंच हसू येत नव्हतं. सकाळपासून पाखरू पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून, पाय फाकवून बसलं होतं. श्वासागणिक शेपटी वरखाली होत होती. दाण्याला तोंड लावलं नव्हतं. हे मरणार, एवढं तिला कळत होतं.

"समाधी लागलीय," महाराज म्हणाले. "तीन दिवस हात लावायचा नाही. मग कौल मिळेल. धूप वाढवा."

नवऱ्याला सांगून काही उपयोग नव्हता. रुचिका सरळ सासूपाशी जाऊन बसली.

"आई, बाबांना दम लागला की तुम्ही काय करायच्या?"

"काय करनार? रिक्षा बोलवायची नि दवाखाना गाठायचा."

"आणि धूप जाळायच्या?"

"येडी का खुळी तू? दमेकरी मानसासमोर कोन धूप जाळतं?" एवढं बोलून धोंडूबाईंनी पिंजऱ्याकडे बघितलं. "अगो बाय," म्हणत त्या उठल्या आणि त्यांनी पिंजराच उचलला.

"समाधी मोडली तर घराचा सत्यानाश होईल," महाराज आडवे आले.

"होऊ दे. जित्तेपनी मीच नेला त्यांना दवाखान्यात, आता नको नेऊ? केसरीनाथ, रिक्षा बघ."

रिक्षात सासू, सून आणि मांडीवर पिंजरा. मागे दुचाक्यांवर केसरीनाथ, महाराज आणि अर्धं गाव. भिवंडीतल्या पक्ष्यांच्या डॉक्टर अफीफांनी ही वरात बघून विचारलं, "पेशंट कोण?"

"आमचे हे," धोंडूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी आधी केसरीनाथला न्याहाळलं, मग महाराजांना. शेवटी त्यांनी पाखरू हातात घेऊन पोट हलकेच चाचपलं.

"अंडं अडकलंय."

"बाबांना?" केसरीनाथ किंचाळला.

तासाभराची ऊब, दमट पेटी आणि कॅल्शियमचं इंजेक्शन, एवढ्यावर अंडं बाहेर आलं. पाखराने अंग झाडलं आणि पाणी प्यायला सुरुवात केली. रुचिकाला रडूच फुटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हिला राजा कोणी म्हटलं? या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. मादी घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या फाडते आणि पिसांत खोचून नेते. अंडं अडकलं की अशी फुगून तळाशी बसते. धुराने तर तिचा जीवच गेला असता. अजून एक रात्र काढली असतीत, तर मेली असती."

महाराज पुढे सरकले. "दैवी अंडं आहे. घरी नेऊन पूजा—"

"गप रे," धोंडूबाई म्हणाल्या. "चार पोरांचा बाप होता माझा नवरा. अंडी न्हाय घातली त्याने कधी." सगळी गर्दी खो खो हसली. धोंडूबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "पंधरा दिस बोलत बसली मी त्या पिंजऱ्याशी. बरा वाटायचा मना. आता सांग, ते पाखरू म्हंजे आमचे हे, असा तू कशावरून सांगितलास?"

महाराज केसरीनाथकडे बघायला लागले. केसरीनाथ जमिनीकडे बघायला लागला.

ज्याचं माणूस गेलंय त्याला असं काही खरं वाटतं, त्यात लाज नाही. पण 'कशावरून?' हे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं, तर एका मुक्या जिवाचे हाल टळले असते. विचारायला नवस लागत नाही, तोंड उघडावं लागतं.